दुसरा सबवूफर आणला आणि २ ओहम हरवले

माझ्या गाडीत दोन वर्षं एकच सबवूफर (खालचे सूर, म्हणजे बास, वाजवणारा मोठा स्पीकर; थोडक्यात सब) होता आणि त्याच्यावर माझा फार जीव होता. १२ इंची, ५०० वॉट आरएमएसचा (म्हणजे सतत पेलता येणारे वॉट), आत पडदा हलवणाऱ्या तारेच्या दोन व्हॉइस कॉइल, प्रत्येक कॉइल ४ ओहमची; ओहम हे विजेला होणाऱ्या रोधाचं माप. त्याला चालवणारा ॲम्प्लिफायर क्लास डी मोनोब्लॉक, ४ ओहमवर ३०० वॉट आणि २ ओहमवर ५०० वॉट देणारा. सबच्या दोन्ही कॉइल पॅरललमध्ये, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस अशा, जोडलेल्या होत्या; तशा जोडल्या की एकूण रोध निम्मा होतो. त्यामुळे ॲम्पला बरोब्बर २ ओहम दिसायचे आणि सबला हवे तेवढे ५०० वॉट मिळायचे. जोडी इतकी नेमकी जमली होती, की ती जमवावी लागते हेच कधी लक्षात आलं नव्हतं.

मग मी अगदी तसाच दुसरा सब आणला. तेच मॉडेल, त्याच ४-४ ओहमच्या दोन कॉइल. एकाच कामाला लावायचे दोन सब एकसारखे असावेत एवढं मला माहीत होतं, आणि ते बरोबरही होतं. ॲम्पच्या मागे स्पीकर टर्मिनलच्या दोन जोड्या होत्या. एका जोडीला पहिला सब, दुसरी रिकामी. रिकाम्या जोडीला नवा सब लावला, त्याच्याही कॉइल पहिल्यासारख्याच पॅरलल केल्या आणि आवाज वाढवला.

पहिले दहा-बारा सेकंद जे ऐकलं ते अजून कानात आहे. इतका खोल आणि भरीव बास त्या गाडीत मी कधी ऐकला नव्हता. आणि मग एक ठोका अर्ध्यातच तुटला. डिकी उघडून पाहिलं तर ॲम्पवरचा हिरवा दिवा जाऊन लाल लागलेला. बंद करून पुन्हा चालू केला. आवाज कमी असला की चालायचा, वाढवला की लाल. तिसऱ्या वेळी ॲम्पला हात लावला तर चटकाच बसला.

मी दादाला फोन केला. दादा मोटार रिवाइंडिंगचं काम करतो, कॉइल आणि तारा हे त्याचं रोजचं जग. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अगं, पण ॲम्पला एकूण किती ओहम दिसतायत?"

"दोन. दोन्ही सब दोन-दोन ओहमचे केलेत."

"आणि ॲम्पच्या त्या दोन जोड्या वेगवेगळ्या आहेत, की आतून एकच?"

हे मला सांगता येईना. ॲम्प बंद करून मल्टिमीटर घेतला, एक पिन पहिल्या जोडीच्या प्लसवर आणि दुसरी पिन दुसऱ्या जोडीच्या प्लसवर टेकवली. मीटर शून्य दाखवत वाजायला लागला. दोन्ही प्लस आतून एकच, दोन्ही मायनस एकच. मोनोब्लॉकला चॅनेल एकच असतो, दुसरी जोडी फक्त तारा लावायच्या सोयीसाठी दिलेली असते. म्हणजे माझे २ ओहमचे दोन सब पॅरललमध्ये लागले होते आणि ॲम्पला १ ओहम दिसत होता. तो ॲम्प २ ओहमच्या खाली चालवायचा नव्हता. त्याच्या माहितीपत्रकात ते स्पष्ट छापलेलं होतं.

एक ओहम कमी झाला तर एवढं काय बिघडतं, हे मला आकडे मांडून बघितल्यावरच कळलं. ५०० वॉट २ ओहमवर द्यायला ॲम्पला ३१.६ व्होल्ट काढावे लागतात, कारण वॉट गुणिले ओहम हजार, आणि हजाराचं वर्गमूळ ३१.६. त्या वेळी सबकडे करंट जातो १५.८ ॲम्पिअर. आता व्होल्टेज तेवढंच राहून समोर १ ओहम आला, तर करंट होतो ३१.६ ॲम्पिअर, थेट दुप्पट. आणि ॲम्पमधल्या ट्रान्झिस्टरमध्ये निर्माण होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे चौपट. लाल दिव्याने माझा ॲम्प वाचवला होता. तो दिवा लागल्यावर पुन्हा पुन्हा चालू करून बघण्याचा जो प्रकार मी केला तो कुणीही करू नये. प्रोटेक्शन दरवेळी वेळेत धावून येईलच असं नाही.

मग कागद घेऊन बसले. हातात ४ ओहमच्या चार कॉइल. चारही पॅरलल केल्या तर १ ओहम. प्रत्येक सबच्या दोन कॉइल सिरीजमध्ये, म्हणजे एकीमागे एक, घेतल्या की एक सब ८ ओहमचा होतो, आणि असे दोन सब पॅरलल केले की ४ ओहम. उलट केलं, कॉइल पॅरलल आणि सब सिरीज, तरी ४ ओहमच. सगळ्या सिरीज केल्या तर १६. मला हवे होते २ ओहम. मी कागद फिरवून फिरवून जोडण्या काढल्या, पण २ काही येईनात. एक सब सिरीजमध्ये आणि दुसरा पॅरललमध्ये ठेवला तर १.६ येतात, पण मग २ ओहमचा सब ८ ओहमच्या सबच्या चौपट वॉट ओढतो. एक जळायच्या वाटेवर आणि दुसरा उपाशी.

सगळ्या कॉइलला सारखी वाटणी करायची तर ४ ओहमच्या चार कॉइलमधून १, ४ आणि १६ एवढेच आकडे निघतात. २ ओहम त्यात नाहीतच. हे मला सब आणायच्या आधी कळायला हवं होतं, आणि हा सगळा अनुभव लिहायला बसण्याचं कारणही हेच. माझ्या ॲम्पसाठी खरं तर २-२ ओहमच्या कॉइल असलेले दोन सब हवे होते, किंवा एकेरी ४ ओहम कॉइलचे दोन. दोन्हींतून २ ओहम सरळ निघतात. गंमत म्हणजे माझ्यासारखे चार सब असते तरी २ ओहम जमले असते: प्रत्येक सब सिरीजमध्ये ८ ओहमचा, आणि ८ चे चार पॅरलल केले की २. दोन सबवर मात्र गणित अडतं. एका सबला अगदी योग्य असलेली कॉइल दोन सबना योग्य असेलच असं नाही, आणि दुकानात सबच्या खोक्यावर '४ ओहम' वाचून हे कळत नाही.

एका ओळखीच्याने सुचवलं की प्रत्येक सबची एकच कॉइल जोड, दुसरी मोकळी सोड, ४ आणि ४ पॅरलल, झाले २. आकडा बरोबर आहे, काम चूक आहे. अर्धी कॉइल बंद ठेवली की सबची उष्णता सोसायची ताकद अर्ध्यावर येते, चुंबकाची पडद्यावरची पकड ढिली होते आणि ज्या बॉक्समध्ये तो सब नीट वाजत होता त्याच बॉक्समध्ये तो भोंगळ वाजायला लागतो. मी ते केलं नाही.

आधी प्रत्येक कॉइल मोजून घेतली. मल्टिमीटरच्या दोन पिना एकमेकींना टेकवल्या तर ०.३ ओहम दिसले, म्हणजे मीटरच्या तारांचाच तेवढा रोध. कॉइलवर ३.७ आले, त्यातून ०.३ वजा करून ३.४. चार ओहमच्या कॉइलचा हा आकडा अगदी योग्य आहे. मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो आणि तो छापलेल्या आकड्यापेक्षा नेहमी थोडा कमी येतो. चारही कॉइल सारख्या भरल्या तेव्हा जिवात जीव आला, कारण त्या मारहाणीत जुन्या सबला काही झालं नव्हतं.

असलेल्या ॲम्पवर सुरक्षित जोडणी एकच होती, ४ ओहमची. प्रत्येक सबवर पहिल्या कॉइलच्या मायनसपासून दुसऱ्या कॉइलच्या प्लसला छोटी तार, आणि उरलेली दोन टोकं ॲम्पकडे. जोडलं, मीटर लावला, तारांचा रोध वजा जाता ३.४ दिसले. चार कॉइल, एकूण ४ ओहम, आकडा चोख. गाणं लावलं आणि बास आधीच्या एका सबपेक्षाही कमी!

इथे मला ९ व्होल्टच्या छोट्या बॅटरीने वाचवलं. ॲम्पच्या बाजूच्या तारा सोडवल्या आणि पहिल्या सबच्या प्लस-मायनसला बॅटरी क्षणभर टेकवली. पडदा टक करून बाहेर आला. बॅटरी काढली, आत गेला. दुसऱ्या सबला तसंच केलं, पण पडदा ढिम्म हलला नाही. पुन्हा टेकवली, बोट पडद्यावर ठेवून पाहिलं, काहीच नाही. मीटर मात्र त्याच सबवर ६.८ ओहम दाखवत होता, पहिल्यासारखेच. शेवटी टॉर्च धरून तारा पाहिल्या तेव्हा दिसलं की नव्या सबवर मी जोडतार मायनसपासून मायनसला नेली होती. एक कॉइल पडदा बाहेर ढकलत होती आणि दुसरी तेवढ्याच जोराने आत ओढत होती. मीटरला रोध दिसतो, दिशा दिसत नाही. आणि असा सब नुसता मुका नसतो, तो तापत असतो. पडदा हलतो तेव्हा कॉइलभोवती हवा फिरते. तो जागचा हलत नसला की सगळे वॉट तिथेच उष्णता होऊन बसतात. तार बदलली, पुन्हा बॅटरी लावली, दोन्ही पडदे सारखे बाहेर आले. त्या दिवसापासून मी कुठलाही सब या बॅटरीच्या परीक्षेशिवाय ॲम्पला लावत नाही. एक सब उलटा आणि एक सुलटा लागला तरी फजिती तशीच होते: एकाने दाबलेली हवा दुसरा ओढून घेतो आणि बास नाहीसा होतो.

आता ४ ओहमवर दोन्ही सब नीट वाजायला लागले. आवाज किती वाढला? जेमतेम. ॲम्प आता ५०० ऐवजी ३०० वॉट देत होता, हा तोटा साधारण २.२ डेसिबलचा. शेजारी शेजारी दोन सब असल्याने पडद्याचं क्षेत्रफळ दुप्पट झालं, हा फायदा साधारण ३ डेसिबलचा. निव्वळ कमाई एक डेसिबलही नाही. पण आवाज स्वच्छ झाला होता आणि तो फरक मला खूप आवडला. आधी एकटा सब ५०० वॉट घेऊन धापा टाकायचा. आता प्रत्येकाकडे १५० वॉट येत होते आणि प्रत्येक पडद्याची हालचाल आधीच्या निम्म्यावर आली होती. खालचे सूर सुटे सुटे ऐकू येत होते. ज्याला फार मोठ्या आवाजाची हौस नाही त्याने इथेच थांबावं असं माझं प्रामाणिक मत आहे. ४ ओहमवर ॲम्प थंड राहतो, वायरिंग तेच चालतं आणि खर्च शून्य.

मला मात्र ते दहा-बारा सेकंद विसरता येत नव्हते.

मार्ग दोन होते. एक म्हणजे जुन्यासारखाच आणखी एक ॲम्प घेऊन प्रत्येक सबला २ ओहमवर स्वतंत्र ॲम्प द्यायचा. माझ्या मते हा उत्तम मार्ग आहे, फक्त दोन्ही ॲम्पची पातळी तंतोतंत सारखी ठेवावी लागते. पण ते मॉडेल आता मिळत नव्हतं. दुसरा मार्ग म्हणजे १ ओहमवर निर्धास्त चालणारा १००० वॉटचा एकच मोनोब्लॉक. मी तो धरला.

ॲम्प निवडताना खोक्यावरचे मोठे आकडे बाजूला ठेवले आणि फक्त आरएमएस वॉट पाहिले, तेही नेमके १ ओहमवरचे. '१००० वॉट' कुठल्या ओहमवर आणि किती व्होल्टवर, हे लिहिलेलं नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. सीईए-२००६ या मानकाप्रमाणे मोजलेला ॲम्प असेल तर त्याचे वॉट १४.४ व्होल्टवर, ४ ओहमवर आणि १ टक्क्याच्या आतल्या विकृतीवर मोजलेले असतात, त्यामुळे दोन ॲम्प शेजारी ठेवून पाहता येतात. जिथे असं काही छापलेलं नव्हतं तिथे मी ॲम्पवरचे फ्यूज पाहिले. एका ॲम्पवर ३००० वॉट लिहिलं होतं आणि फ्यूज होते ३० ॲम्पिअरचे दोन. साठ गुणिले १४.४ म्हणजे ८६४ वॉट आत जाणार, त्यातले ८० टक्के बाहेर आले तरी सातशेच्या आत. तो ॲम्प मी तिथेच ठेवला.

नव्या ॲम्पसाठी वायरिंग बदलणं भाग होतं. १००० वॉट बाहेर काढायचे तर ८० टक्के कार्यक्षमतेने १२५० वॉट आत हवेत, म्हणजे १४.४ व्होल्टवर ८७ ॲम्पिअर. माझी जुनी तार ८ गेजची होती (गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड), बॅटरीपासून डिकीपर्यंत सुमारे ५ मीटर. तेवढ्या करंटला त्या तांब्याच्या तारेत ०.९ व्होल्ट वाटेतच गळतात. ४ गेजला तेच ०.३५ होतात. म्हणून ४ गेज घेतली, आणि शुद्ध तांब्याचीच. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार दिसायला तेवढीच जाड असते, पण तिचा रोध दीडपटीपेक्षा जास्त असतो. टोक कापून पाहिलं की आतली चंदेरी कळते. १०० ॲम्पिअरचा फ्यूज बॅटरीपासून ४५ सेंटिमीटरच्या आत बसवला. हा फ्यूज ॲम्पसाठी नाही, तारेसाठी असतो. तार कुठे पत्र्याला घासून उघडी पडली तर आग लागायच्या आधी तो जावा, म्हणून तो बॅटरीजवळच हवा. अर्थची (मायनसची) तार गाडीच्या पत्र्याला लावायच्या जागी रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, तार हातभर ठेवली आणि नट घट्ट आवळला. स्पीकरच्या तारा १२ गेजच्या केल्या, कारण जिथे एकूण रोधच १ ओहम आहे तिथे बारीक तारेचा रोधही हिशोबात येतो. हेडलाइट मंद होऊ नयेत म्हणून कपॅसिटर लाव असंही कुणीतरी म्हणालं, पण कपॅसिटर वीज तयार करत नाही. अल्टरनेटर आणि बॅटरी धड असली आणि तारा जाड असल्या की माझ्यापुरतं भागलं. इंजिन चालू असताना ॲम्पच्या टर्मिनलवर १४.२ व्होल्ट होते आणि जोरदार ठोक्याला १३ च्या खाली उतरत नव्हते.

बॉक्स मी मधोमध फळी टाकून दोन वेगळ्या खणांचा केला, प्रत्येक खण जुन्या बॉक्सएवढाच, बंद. एकाच खणात दोन्ही ठेवता येतात, पण त्यातला एक बिघडला तर दुसऱ्याच्या मागची हवा अचानक दुप्पट होते आणि तो वाजवीपेक्षा जास्त हलायला लागतो.

मग गेन. त्या छोट्या स्क्रूला पुष्कळ जण आवाजाचं बटण समजतात, मीही समजत होते. हेड युनिटकडून (डॅशबोर्डवरच्या प्लेअरकडून) येणारं व्होल्टेज आणि ॲम्पची ताकद यांची गाठ घालून देणं, एवढंच त्याचं काम. सबच्या तारा ॲम्पपासून काढल्या. बास बूस्ट शून्यावर, लो पास (वरचे सूर अडवणारा फिल्टर) ८० हर्ट्झवर. हेड युनिटचा आवाज पाऊण, कारण त्याच्यावर मी कधीच जात नाही. त्यावर ५० हर्ट्झचा शून्य डेसिबलचा, म्हणजे पूर्ण पातळीचा, सूर लावला. ५० च का, तर घरगुती विजेची वारंवारता ५० किंवा ६० असते आणि साधे मल्टिमीटर तिथे नीट मोजतात. मीटर एसी व्होल्टवर ठेवून ॲम्पच्या टर्मिनलला लावला आणि गेनचा स्क्रू केसाएवढा फिरवत गेले. १००० वॉट, १ ओहम, वर्गमूळ पुन्हा तेच ३१.६. जुन्या ॲम्पचंही तेच व्होल्टेज होतं. फरक एवढाच की दुप्पट करंट द्यायची ताकद आता ॲम्पमध्ये होती. मी ३०.० वर थांबले. म्हणजे ९०० वॉट. अर्ध्या डेसिबलचाही फरक नाही, कानाला कळणार नाही, पण क्लिपिंगपासून, म्हणजे ॲम्पची ताकद संपून सुराची टोकं कापली जाण्यापासून, थोडं अंतर राहिलं. सब जळतात ते बहुतेक वेळा ॲम्पचा आवाज कापला जायला लागल्यावरही गेन वाढवत राहिल्यामुळे.

तारा परत लावून उत्सुकतेपोटी आणखी एक गोष्ट मोजली. कमी आवाजात, १० व्होल्टवर, क्लॅम्प मीटरने करंट पाहिला. ४५ हर्ट्झला २.१ ॲम्पिअर, म्हणजे साधारण ४.८ ओहम. १०० हर्ट्झला ७.६ ॲम्पिअर, १.३ ओहम. बॉक्समधला सब प्रत्येक सुराला वेगळा रोध दाखवतो आणि त्याच्या नैसर्गिक कंपनाजवळ तो कितीतरी वाढतो. हे पाहून काही जण म्हणतात की मग अर्ध्या ओहमला जोडायला काय हरकत आहे. हरकत त्या १०० हर्ट्झच्या आकड्यात आहे. गाण्यात सगळे सूर येतात आणि ॲम्पला सगळ्यात खालच्या रोधाला तोंड द्यावं लागतं.

संध्याकाळी तेच गाणं लावलं, ज्यात ठोका तुटला होता. हिशोबाने जुन्या एका सबपेक्षा ६ डेसिबलच्या जवळपास फरक हवा होता: ३ दुप्पट वॉटचे, ३ दुप्पट पडद्याचे. पहिल्या ठोक्यालाच तो कळला. दादा शेजारच्या सीटवर होता. काही बोलला नाही, फक्त आवाज आणखी दोन घर वाढवला. पूर्ण गाणं झालं, मग आणखी सात-आठ गाणी. अर्ध्या तासाने डिकी उघडली. दिवा हिरवा होता. ॲम्पवर तळहात ठेवला आणि तसाच ठेवून उभी राहिले. तो नुसता कोमट होता.